भिंत पाडली, मीटर वेगळेच: फ्रान्सच्या ‘ग्राँ एस्त’ची गोष्ट

फ्रान्समध्ये मोटारी रस्त्याच्या उजवीकडून धावतात, पण रेल्वेगाड्या डावीकडून. दुहेरी मार्गावर डावा रूळ धरायचा, अगदी आपल्यासारखंच. मात्र पॅरिसहून पूर्वेकडे जाणारी गाडी एका ठिकाणी बाजू बदलते. एक मार्ग पुलावरून दुसऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे नेलेला असतो आणि तिथून पुढे गाडी उजव्या रुळावरून धावू लागते. डब्यातल्या माणसाला काही जाणवतही नाही. पण ज्या पट्ट्यात ही अदलाबदल होते, तिथे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनी सुरू होत होता. जर्मन पद्धतीनं बांधलेले मार्ग आणि सिग्नल १९१८ नंतर बदलायचे तर खर्च फार, म्हणून ते तसेच राहिले.

फ्रान्सच्या ईशान्य कोपऱ्यातला हा प्रदेश, ‘ग्राँ एस्त’ म्हणजे ‘मोठी पूर्व’, अधूनमधून बातम्यांत येतो. बातमी साधारण एकच असते: त्यातल्या आल्सासला बाहेर पडायचं आहे. आपल्याकडच्या वाचकाला वाटतं, एखादं राज्य देशातून फुटायला निघालं की काय. तसं काहीही नाही. पण मग काय आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी ‘रेजिओं’ म्हणजे काय

फ्रान्स हे भारतासारखं संघराज्य नाही. तिथे राज्य नसतं, मुख्यमंत्री नसतो, स्वतःचे कायदे करणारी विधानसभा नसते. सगळ्यात खाली गाव किंवा शहर, म्हणजे ‘कम्यून’. त्यावर जिल्ह्यासारखा ‘देपार्तमाँ’. आणि त्याही वर काही जिल्हे मिळून ‘रेजिओं’, ज्याला या लेखात आपण ‘प्रांत’ म्हणू.

प्रांताची परिषद निवडून येते. पण तिचं काम आपल्या जिल्हा परिषदेचं मोठं रूप म्हणावं असं: उच्च माध्यमिक शाळांच्या इमारती, स्थानिक रेल्वेगाड्या, व्यवसायशिक्षण, उद्योगांना मदत. कायदा पॅरिसमध्ये होतो. पॅरिसनं नेमलेला ‘प्रेफे’ नावाचा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रांतात बसलेला असतो. एकावर एक चढलेल्या या थरांना फ्रेंच लोक वैतागून ‘मिल-फय’ म्हणतात. ते त्यांच्याकडचं असंख्य पापुद्र्यांचं पक्वान्न. आपण चिरोटा म्हटलं असतं.

यातला जिल्हा हा थर क्रांतीच्या काळातला. १७९० साली ८३ जिल्हे आखले गेले आणि त्यांना मुद्दाम नद्यांची, डोंगरांची नावं दिली गेली. लोकांनी ‘मी आल्सासचा’, ‘मी शाम्पेनचा’ म्हणणं सोडून द्यावं, राजेरजवाड्यांच्या काळातले जुने मुलूख विसरावेत, हा हेतू. म्हणून आल्साससारख्या नांदत्या नावाच्या जागी ‘वरचा ऱ्हाईन’ आणि ‘खालचा ऱ्हाईन’ असे दोन जिल्हे आले. लोक काही विसरले नाहीत. पुढे विसाव्या शतकात जिल्ह्यांचे गट करून प्रांत बनवले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी जुनीच नावं परत आली. १९८६ साली प्रांतिक परिषदांच्या पहिल्या थेट निवडणुका झाल्या. म्हणजे प्रांत ही संस्था तशी तरुण, पण तिनं पांघरलेली नावं हजार वर्षांची.

पाणी कुठे वाहतं ते बघा

ग्राँ एस्तचं क्षेत्रफळ सुमारे ५७,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाड्याहून थोडं कमी. लोकसंख्या साधारण ५५ लाख. जिल्हे दहा. बेल्जियम, लक्झेंबर्ग, जर्मनी आणि स्वित्झर्लंड अशा चार देशांना याची हद्द भिडते. युरोपातल्या फ्रान्समध्ये असा दुसरा प्रांत नाही.

या प्रदेशाचा स्वभाव ओळखायचा तर नकाशात गावं शोधण्याआधी नद्या शोधाव्यात. पश्चिमेकडे शाम्पेन. इथली मार्न नदी सेनला मिळते आणि पाणी पॅरिसवरून इंग्लिश खाडीकडे जातं. मधे लोरेन. तिथली मोझेल उत्तरेला जर्मनीत शिरते आणि कोब्लेन्झला ऱ्हाईनमध्ये मिसळते. शेजारची म्यूझ बेल्जियममार्गे उत्तर समुद्र गाठते. आणि पूर्वेकडे आल्सास, ज्याच्या दाराशीच ऱ्हाईन आहे. भरीला सोन नदीही इथेच वोज जिल्ह्यात उगम पावते आणि दक्षिणेला भूमध्य समुद्राची वाट धरते. माल आणि माणसं शतकानुशतकं पाण्याच्या वाटेनं गेली. म्हणून शाम्पेनचं तोंड पॅरिसकडे, लोरेनचं उत्तरेकडे आणि आल्सासचं ऱ्हाईनपलीकडे. एका छपराखालच्या तीन खोल्या, आणि तिघींची दारं तीन दिशांना.

आल्सास आणि लोरेन यांच्यामध्ये वोजची डोंगररांग आहे. सर्वांत उंच शिखर ग्राँ बालों, १,४२४ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा बुटकंच. पण काम मात्र सह्याद्रीचं करते. पश्चिमेकडून येणारे ढग माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेच्या पायथ्याशी पर्जन्यछाया पडते. पायथ्याचं कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक, वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यातलं अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या कोरड्या उतारांवरच आल्सासचे द्राक्षमळे आहेत. मळे शाम्पेनमध्येही आहेत, पण तिथली जमीन खडूची. त्याच खडूत खोदलेल्या गार तळघरांत फेसाळती वाइन मुरते.

तीन मुलूख, फ्रान्समध्ये येण्याच्या तीन तऱ्हा

शाम्पेन लग्नातून आला. बाराव्या-तेराव्या शतकात इथल्या जत्रा युरोपच्या बाजारपेठा होत्या. इटलीचे सराफ आणि फ्लँडर्सचे कापडवाले त्र्वासारख्या गावात भेटत, हिशेब चुकते करत. इथली वारसदार झान हिचं १२८४ मध्ये फ्रान्सच्या युवराजाशी लग्न झालं, पुढच्याच वर्षी तो राजा झाला आणि मुलूख सासरी गेला. रँस शहरात तर फ्रान्सचे राजे अभिषेक करून घेत. जोन ऑफ आर्कनं सातव्या चार्ल्सला १४२९ साली तिथेच आणलं. शाम्पेनचं फ्रेंचपण असं जुनं, मुरलेलं.

लोरेनची गोष्ट गुंतागुंतीची. ८४३ साली व्हर्दंच्या तहात सम्राट शार्लमेनच्या तीन नातवांनी साम्राज्य वाटून घेतलं. पश्चिमेचा तुकडा पुढे फ्रान्स झाला, पूर्वेचा जर्मनी. मधला पट्टा थोरल्या लोथारला मिळाला. त्याच्या मुलाचं नावही लोथारच. त्याच्या वाट्याला आलेला मुलूख म्हणजे लोथारिंगिया, आणि त्याचा अपभ्रंश लोरेन. मधल्या वाट्याची जमीन पुढे दोन्हीकडच्या भावबंदांनी ओढावी, हे आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडतं. इथे ते अकराशे वर्षं चाललं. मेस, तूल आणि व्हर्दं ही धर्माधिकाऱ्यांची शहरं फ्रान्सनं १५५२ मध्येच ताब्यात घेतली. उरलेली सरदारकी मिळाली ती एका अजब सौद्यातून. १७३७ मध्ये ती पोलंडची गादी गमावलेल्या स्तानिस्लासला तहहयात दिली गेली. तो फ्रान्सच्या राजाचा सासरा. अट एकच: त्याच्यामागे मुलूख फ्रान्सचा. सासरेबुवांनी नाँसीत एक देखणा चौक बांधला, तो आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. १७६६ मध्ये ते गेले आणि लोरेन फ्रान्समध्ये आला.

आल्सास आला युद्धातून. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानं फ्रान्सचा तिथे पाय रोवला गेला, १६८१ मध्ये चौदाव्या लुईनं स्ट्रासबुर्ग घेतलं. म्यूलूझ तर स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, स्विसांच्या गोतावळ्यातलं. ते १७९८ मध्ये सामील झालं. लोकांची बोली जर्मन कुळातली आणि राहिलीही तशीच. तरीही फ्रान्सचं राष्ट्रगीत ‘ला मार्सेयेझ’ लिहिलं गेलं ते १७९२ साली याच स्ट्रासबुर्गमध्ये. भाषेवरून माणसाचा देश ठरवू पाहणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

पंचाहत्तर वर्षांत चार वेळा देश बदलला

शाळेच्या इतिहासात ‘अल्सेस-लॉरेन’ अशी जोडी परीक्षेपुरती पाठ केलेली अनेकांना आठवत असेल. ती जोडी खरं तर जर्मनीनं बनवली. १८७१ मध्ये फ्रान्स युद्ध हरला आणि जवळजवळ सगळा आल्सास व लोरेनचा उत्तरेकडचा भाग, म्हणजे आजचा मोझेल जिल्हा, जर्मन साम्राज्यात गेला. नाँसी आणि व्हर्दं फ्रान्सकडेच राहिले. त्यामुळे ‘लोरेन जर्मनीकडे गेला’ हे अर्धंच खरं आहे, आणि हा अर्धेपणा पुढे महत्त्वाचा ठरतो.

१९१८ मध्ये हा पट्टा परत आला. स्वागत झालं, पण पाठोपाठ लोकांना अ, ब, क, ड अशा चार वर्गांची ओळखपत्रं वाटली गेली. आईबाप किंवा त्यांचे आईबाप मूळचे फ्रेंच की जर्मन, त्यावर वर्ग ठरे. एकाच घरात नवऱ्याचा वर्ग एक आणि बायकोचा दुसरा असं होई. ‘ड’ वर्गातल्या जर्मनांपैकी अनेकांना सामान बांधावं लागलं.

मग १९४०. हिटलरनं हा पट्टा नुसता व्यापला नाही, जर्मनीचाच भाग म्हणून वागवला. ऑगस्ट १९४२ पासून इथल्या तरुणांना सक्तीनं जर्मन सैन्यात भरती केलं गेलं: सुमारे एक लाख आल्सासचे, तीस हजार मोझेलचे. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं. पळावं तर मागे घरच्यांना शिक्षा. या मुलांना फ्रेंचमध्ये ‘मालग्रे-नू’ म्हणतात, म्हणजे ‘आमच्या मर्जीविरुद्ध’. युद्धानंतर बाकीच्या फ्रान्सच्या नजरेत मात्र ते शत्रूचा गणवेश घातलेले. १९४५ मध्ये प्रदेश पुन्हा फ्रेंच झाला, तरी अनेक घरांत या विषयावर बोलणं वर्षानुवर्षं बंद राहिलं.

१८७० साली फ्रेंच म्हणून जन्मलेली एखादी आजी १९४५ पर्यंत जगली असेल, तर तिनं गाव न सोडता चार वेळा देश बदलला.

“पण आता कायदा तर सगळीकडे एकच असेल ना?”

नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. कल्पना करा, तीन बिऱ्हाडांच्या मधल्या भिंती पाडून एक मोठं घर केलं, पण विजेचे मीटर वेगळेच राहिले. आल्सास आणि मोझेल यांचा मीटर आजही वेगळा आहे. त्याला ‘स्थानिक कायदा’ म्हणतात.

फ्रान्सनं १९०५ मध्ये धर्म आणि सरकार वेगळे केले. फ्रेंच धर्मनिरपेक्षतेचा हाच पाया. पण १९०५ मध्ये हे जिल्हे जर्मनीत होते, त्यामुळे तो कायदा तिथे पोचलाच नाही. तिथे नेपोलियनच्या काळातला, १८०१ चा पोपबरोबरचा करार अजून चालतो. कॅथलिक पाद्री, दोन्ही प्रॉटेस्टंट पंथांचे धर्मोपदेशक आणि ज्यू रब्बी यांना सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास असतो. स्ट्रासबुर्ग आणि मेसच्या बिशपांची नेमणूक चक्क फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष करतात. १९२४ मध्ये सरकारनं हे मोडून काढायचं ठरवलं, तेव्हा इतका विरोध झाला की माघार घ्यावी लागली. २०१३ मध्ये फ्रान्सच्या घटना परिषदेनंही ही व्यवस्था ग्राह्य धरली. यावरचा आक्षेप माझ्या मते रास्त आहे: जुन्या यादीत इस्लाम नाही, कारण ती यादी झाली तेव्हा तिथे मुसलमान जवळजवळ नव्हतेच. मग आजच्या मुसलमान नागरिकानं काय करायचं?

दुसरं उदाहरण खिशाचं. बिस्मार्कनं जर्मनीत १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविमा सुरू केला. फ्रान्सला तशी व्यवस्था करायला बरीच दशकं लागली. परत आलेल्या जिल्ह्यांनी हातातला विमा सोडायला नकार दिला. आजही तिथला नोकरदार पगारातून थोडी जादा वर्गणी भरतो आणि डॉक्टरच्या ठरलेल्या फीपैकी ९० टक्के परत मिळवतो. बाकी फ्रान्समध्ये मूळ विमा ७० टक्के देतो. शिवाय गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन सुट्ट्या जास्त. एकाच ग्राँ एस्तमध्ये मेसच्या माणसाला २६ डिसेंबरला रजा आणि तासाभराच्या अंतरावरच्या नाँसीच्या माणसाला कामावर हजेरी, हे याच जुन्या मीटरमुळे.

मग हे तिन्ही एकत्र कुणी केले?

२०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांच्या सरकारनं चिरोट्याचे पापुद्रे कमी करायला घेतले. युरोपातल्या फ्रान्सचे २२ प्रांत होते, त्यांचे शेवटी १३ झाले. मोठे प्रांत जर्मनीच्या राज्यांसारखे दमदार होतील आणि खर्च वाचेल, हा युक्तिवाद. जूनमधल्या पहिल्या नकाशात आल्सास फक्त लोरेनशी जोडला होता. शाम्पेनची जोडी पिकार्दीशी होती. काही आठवड्यांत नकाशा बदलला, पिकार्दी उत्तरेला गेला आणि शाम्पेन इकडे आला. हजार वर्षांच्या मुलखांची वाटणी उन्हाळी अधिवेशनात उरकली गेली. ऑक्टोबरमध्ये स्ट्रासबुर्गच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले, पण जानेवारी २०१५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून नवा प्रांत सुरू झाला.

त्याला धड नावही नव्हतं. सुरुवातीला तिन्हींची नावं जोडून आगगाडी केली, मग लोकांचं मत मागवलं. आद्याक्षरांपासून बनवलेलं ‘आकाली’ हेही पर्यायांत होतं. शेवटी ‘ग्राँ एस्त’ जिंकलं. नुसती दिशा, त्यात कुणाचाच इतिहास नाही, म्हणून कुणाची तक्रारही नाही. निदान तसा हिशेब असावा. मुख्यालय स्ट्रासबुर्गला, परिषदेच्या बैठका बहुतांशी मेसला.

जर्मनीच्या राज्यांशी तुलना मात्र टिकत नाही. त्यांना कायदे करता येतात, स्वतःचं पोलीस दल असतं. फ्रान्सच्या प्रांताचा आकार वाढवला, अधिकार तितकेच ठेवले. मोठं भांडं आणलं म्हणून आमटी वाढत नाही.

“आल्सासवाले फुटीरतावादी आहेत का?”

बहुसंख्य नाहीत. त्यांना फ्रान्समधून नाही, ग्राँ एस्तमधून बाहेर पडायचं आहे. ओढाताणीचा निकाल म्हणून १ जानेवारी २०२१ रोजी ऱ्हाईनच्या दोन्ही जिल्ह्यांच्या परिषदा एकत्र करून ‘आल्सासची युरोपीय संस्था’ स्थापन झाली. ती प्रांत नाही, जिल्ह्याहून थोडी जास्त. तिच्याकडे महामार्गही आले, आणि त्यामागे रोजचं कारण आहे. जर्मनीनं २००५ मध्ये ट्रकवर पथकर लावला, तेव्हा असंख्य ट्रक ऱ्हाईन ओलांडून आल्सासच्या फुकट रस्त्यावर आले. गर्दी इथली, धूर इथला आणि निर्णय पॅरिसचा, ही तक्रार भाषेच्या अभिमानापेक्षा जास्त लोकांना पटते.

या संस्थेनं २०२२ च्या सुरुवातीला संपवलेल्या मतचाचणीत सुमारे दीड लाख लोकांनी भाग घेतला आणि ९२ टक्क्यांनी ग्राँ एस्त सोडण्याच्या बाजूनं कौल दिला. आकडा दणदणीत दिसतो, पण ही कायदेशीर निवडणूक नव्हती आणि आल्सासची लोकसंख्या १९ लाखांच्या घरात आहे. दुसरी बाजूही पाहावी: २०१३ मध्ये, विलीनीकरणाच्या आधी, आल्सासनं स्वतःच आपले दोन जिल्हे आणि प्रांत एक करायचं सार्वमत घेतलं होतं आणि ते फसलं. दक्षिणेच्या जिल्ह्यानं नकार दिला. सगळं स्ट्रासबुर्गला जाईल ही भीती. तेव्हा जमलं असतं, तर पुढचा नकाशा कदाचित वेगळा दिसला असता.

शाम्पेन आणि लोरेनकडे कुणी फारसं विचारत नाही. रँसहून वेगवान गाडीनं पॅरिस पाऊण तासावर आहे. तिथल्या माणसानं प्रांताच्या कामासाठी उलट दिशेला स्ट्रासबुर्गकडे का बघावं? लोरेनचं दुखणं वेगळं. तिथल्या लोखंडाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या बंद पडत गेल्या. फ्लोरांजच्या शेवटच्या दोन झोतभट्ट्यांवरून २०१२ मध्ये फ्रेंच मंत्री आणि लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीत जाहीर भांडण झालं, ते आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही गाजलं. भट्ट्या पुढच्या वर्षी कायमच्या थंडावल्या. आता उत्तर लोरेनमधले लाखाहून अधिक लोक रोज सकाळी सीमा ओलांडून लक्झेंबर्गला नोकरीला जातात.

सीमा राहिली, पण उंबरठ्याएवढी

युरोपच्या सहलीसाठी आपण ज्या ‘शेंगेन’ व्हिसाच्या रांगेत उभे राहतो, ते शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेलकाठचं छोटं गाव. फ्रान्सची हद्द त्याला लागूनच. १९८५ मध्ये तिथल्या नदीतल्या बोटीवर करार झाला. त्याच्याही आधी, ९ मे १९५० रोजी, फ्रान्स आणि जर्मनीनं कोळसा आणि पोलाद एकत्र सांभाळावं असा प्रस्ताव रोबेर शुमान यांनी मांडला आणि त्यातून पुढे युरोपीय संघ उभा राहिला. हे शुमान फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री, पण जन्म लक्झेंबर्गचा, वडील लोरेनचे, जन्मानं नागरिकत्व जर्मन, वकिली मेसमध्ये. सीमेचा जाच त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

आज स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलला जाते. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराचा विमानतळ तर पूर्ण फ्रान्सच्या जमिनीवर आहे. एका दारानं बाहेर पडलात तर फ्रान्स, दुसऱ्यानं स्वित्झर्लंड.

आणि या सगळ्यापासून दूर, म्यूझ जिल्ह्यात, व्हर्दंच्या जंगलात सहा गावं आहेत. फ्लरी, बझोंव्हो, ओमों… १९१६ च्या लढाईत तोफांनी ती इतकी भाजून काढली की पुन्हा घर बांधता आलं नाही. लोकसंख्या शून्य. तरी फ्रान्सनं ती नकाशावरून पुसलेली नाहीत. प्रत्येक गावासाठी प्रेफे तीन जणांची समिती नेमतो, आणि तिचा अध्यक्ष एकही मतदार नसलेल्या गावाच्या सरपंचाचं काम पाहतो.